छोट्यांचं ग्रॅज्युएशन: करावं की नाही? पालक आणि शिक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बालवर्गाचं वर्ष संपत आलं की दरवर्षी साधारण हेच प्रश्न माझ्याकडे येतात. काही पालकांचे असतात, काही नव्याने रुजू झालेल्या शिक्षिकांचे. पाच-सहा वर्षांच्या मुलांना शिकवत मला एकवीस वर्षं झाली. आधी मी गाऊन-टोपीचे समारंभ हौसेनं केले, मग वैतागून बंद केले, आणि आता वेगळ्या रूपात पुन्हा करते. खालची उत्तरं त्या सगळ्यातून आली आहेत.

इतक्या लहान मुलांचं ग्रॅज्युएशन करण्यात खरंच काही अर्थ आहे का?

आहे, आणि तो निरोप घेण्यात आहे. पदवी मिळाल्याचं नाटक केलं तर तो हरवतो.

मुलाच्या आयुष्यातून त्या दिवशी बरंच काही जात असतं. रोज सकाळी जिच्याकडे धावत यायचं ती बाई, बसायची ठरलेली जागा, खेळण्यांचं कपाट, वर्षभर शेजारी बसलेला दोस्त. पाच वर्षांच्या मुलासाठी एक वर्ष म्हणजे त्याच्या आजवरच्या आयुष्याचा पाचवा हिस्सा. मोठ्या माणसाच्या हिशेबात तेवढा काळ सात-आठ वर्षांचा होईल. सात-आठ वर्षं एका ठिकाणी राहून कुणालाही न सांगता, न भेटता तिथून निघून जायला आपल्यालाही आवडणार नाही. मुलाला "हे आता संपतंय, पुढे दुसरं सुरू होणार आहे" असं कुणीतरी थांबून, नाव घेऊन सांगायला हवं. समारंभ ते काम करत असेल तर तो जरूर करावा.

बालवाडी तर सगळेच संपवतात. त्यात कौतुक कसलं?

हा आक्षेप मी गंभीरपणे घेते. बराक ओबामा यांनी 15 जून 2008 रोजी, पितृदिनाच्या दिवशी, शिकागोतल्या एका चर्चमध्ये भाषण केलं. अध्यक्षपदाची निवडणूक तेव्हा व्हायची होती. आठवीच्या समारंभातले गाऊन, फुलं आणि थाटमाट पाहून आपल्या मनात येतं की ही तर फक्त आठवी आहे, असं ते तिथे म्हणाले. मुलांनी त्याच्या पुष्कळ पुढे जायला हवं, आपण अपेक्षा खाली आणू नयेत, हा त्यांचा मुद्दा होता.

आठवीला इतका थाट आला त्यालाही कारण होतं. 1910 च्या सुमारास अमेरिकेत शंभरातली जेमतेम नऊ मुलं हायस्कूल पूर्ण करत. बहुतेकांचं शिक्षण आठवीलाच किंवा त्याआधी थांबायचं, म्हणून तो समारंभ अनेक घरांसाठी खरोखर शेवटचा असायचा. 1940 पर्यंत निम्मी मुलं हायस्कूल पूर्ण करू लागली. परिस्थिती बदलली, समारंभ मात्र राहिला.

म्हणजे कामगिरी म्हणून पाहिलं तर ओबामांचं म्हणणं मला पटतं. पाच वर्षांचं मूल सहा वर्षांचं झालं, त्यात मिळवलेलं असं काही नाही. पण माणसं फक्त जिंकल्यावरच एकत्र जमत नाहीत, एक जागा सोडून दुसऱ्या जागी जातानाही जमतात. फ्रेंच अभ्यासक आर्नोल्ड व्हान जेनेप यांनी 1909 मध्ये जगभरच्या अशा विधींची एक समान घडण दाखवून दिली. आधी जुन्यापासून दूर होणं, मग मधल्या उंबरठ्यावर थांबणं आणि शेवटी नव्यात सामावणं. मला यातली उंबरठ्याची पायरी फार महत्त्वाची वाटते. बालवर्ग संपलेलं आणि पहिली सुरू न झालेलं मूल अगदी तिथेच उभं असतं. तिथे त्याचा हात धरायला हवा. त्याला मेडल दिलं काय, न दिलं काय.

हे गाऊन आणि टोपी आले कुठून?

मध्ययुगीन युरोपातल्या विद्यापीठांतून. बोलोन्या, पॅरिस, ऑक्सफर्ड इथले विद्यार्थी आणि शिक्षक बरेचसे धर्मसंस्थेशी जोडलेले होते, त्यामुळे लांब झगा हा त्यांचा रोजचा पोशाख होता. दगडी, गारठलेल्या इमारतींत तो उपयोगीही पडायचा. अमेरिकेत 1895 मध्ये विद्यापीठांनी मिळून या पोशाखाचे नियम ठरवले. कोणत्या पदवीला कशा बाह्या, कोणत्या विद्याशाखेला कोणता रंग, हे सगळं त्यात आलं. थोडक्यात, त्या झग्याची प्रत्येक शिवण काहीतरी सांगते. आपण तो पाच वर्षांच्या मुलाला घालतो तेव्हा सांगण्यासारखं त्यात काही उरत नाही.

टोप्या हवेत फेकण्याचीही एक गोष्ट आहे. 1912 मध्ये अमेरिकेच्या ॲनापोलिस इथल्या नौदल अकादमीत उत्तीर्ण झालेल्यांना अधिकाऱ्यांच्या नव्या टोप्या थेट समारंभातच मिळाल्या. जुन्या टोप्यांची गरज संपली होती, म्हणून त्यांनी त्या उडवल्या. नवं हातात आलं आणि जुनं सुटलं. ही गोष्ट मला फार आवडते, कारण तिथे त्या कृतीला कारण होतं.

मग गाऊन-टोपी घालूच नये का?

माझं मत स्पष्ट आहे: घालू नये. पण शाळेनं ठरवलंच असेल तर तेवढ्यावरून भांडण करण्याइतका हा मोठा मुद्दा नाही.

मी सुरुवातीच्या वर्षांत सगळ्यांना गाऊन घालायचे. टोपी डोळ्यांवर घसरायची, गोंडा तोंडात जायचा, झग्यात पाय अडकायचा. एका वर्षी एक मुलगी प्रमाणपत्र घ्यायला येताना टोपी सावरण्यात इतकी गुंतली की मी तिला जे सांगितलं ते तिनं ऐकलंच नाही. तिच्याबद्दलचं ते वाक्य मी दोन दिवस विचार करून ठरवलं होतं. तेव्हा लक्षात आलं की पोशाख फोटोसाठी आहे आणि फोटो आमच्यासाठी. पुढच्या वर्षापासून गाऊन बंद.

प्रतीक हवंच असेल तर बालवाडीच्या स्वतःच्या इतिहासात एक सुंदर प्रतीक आहे. फ्रीडरिक फ्रोबेल यांनी 1837 मध्ये जर्मनीतल्या ब्लांकेनबुर्ग इथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि 1840 मध्ये तिला 'किंडरगार्टन' म्हणजे मुलांची बाग असं नाव दिलं. मुलांनी खरोखर माती खणावी, स्वतःच्या वाफ्यात बी पेरून त्याची काळजी घ्यावी, असं त्यांना वाटे. तेव्हा वर्षभर वर्गात वाढवलेलं रोप प्रत्येकाच्या हाती द्या. ते मुलानं स्वतः वाढवलेलं असतं आणि घरी गेल्यावरही वाढत राहतं.

मुलांना मोठेपणी यातलं काही आठवतं का?

फारसं नाही. बहुतेक मोठ्या माणसांची सर्वांत जुनी आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची असते आणि सहा-सात वर्षांपर्यंतच्या आठवणी विरळच असतात. गंमत म्हणजे लहानपणी मुलांना आधीचं बरंच आठवत असतं, ते नंतर पुसलं जातं. पॅट्रिशिया बॉअर आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेचा 2014 चा अभ्यास यावर आहे. तिसऱ्या वर्षी घडलेल्या गोष्टींबद्दल आईशी बोलताना मुलांना त्यांनी ध्वनिमुद्रित केलं आणि पुढे वेगवेगळ्या वयांत त्याच गोष्टी विचारल्या. पाच ते सात वर्षांच्या मुलांना त्यातल्या साठ टक्क्यांहून जास्त गोष्टी आठवत होत्या. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना मात्र चाळीस टक्क्यांहूनही कमी.

यावरून काही पालक म्हणतात, मग खटाटोप कशाला? मला दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली, मूल विसरेल म्हणून आपण त्याला जवळ घेणं थांबवत नाही. त्या दिवशी त्याला काय वाटलं याची किंमत त्या दिवसापुरतीही पुरेशी आहे. दुसरी, कोणत्या आठवणी टिकतात यावर आपला थोडा ताबा असतो. घरात त्या प्रसंगाबद्दल पुन्हा पुन्हा बोललं गेलं, मुलाला मध्ये न तोडता त्याच्या कलानं सांगू दिलं, तर आठवण घट्ट होते. "तुला काय मिळालं?" असं विचारलं तर एका शब्दात उत्तर येतं. "बाईंनी तुझं नाव घेतलं तेव्हा काय झालं?" असं विचारून पाहा. दोन तासांच्या समारंभापेक्षा नंतरच्या दहा मिनिटांच्या गप्पा जास्त पुरतात, असा माझा अनुभव आहे.

तयारीत वर्गाचा किती वेळ जातो?

जपलं नाही तर भयंकर. तीन आठवडे रोज एक तास तालीम धरली, आठवड्याचे दिवस पाच, तर पंधरा तास झाले. त्या वयाच्या वर्गात हे चार-पाच पूर्ण दिवस आहेत, आणि ते नेमके शेवटचे दिवस! ज्या दिवसांत मुलांनी एकमेकांसोबत मनसोक्त खेळायला हवं, त्या दिवसांत ती रांगेत उभी राहून "आता नाही, आता डावा पाय" ऐकत असतात. हे मी स्वतः केलेलं आहे. आजही त्याचं वाईट वाटतं.

आता माझा नियम असा आहे की वेगळं काही बसवायचं नाही. वर्षभर म्हटलेली गाणी म्हणायची, वर्षभर ऐकलेली गोष्ट सांगायची. तालीम फक्त एकदा, तीही जागा ओळखीची व्हावी म्हणून. गाणं चुकलं तर चुकलं.

वरचेवर असे समारंभ केले तर खऱ्या पदवीची किंमत कमी होत नाही का?

सारखंच रूप दिलं तर होते. बालवाडीला गाऊन, चौथीला गाऊन, आठवीला गाऊन, दहावीला गाऊन. मग पदवीच्या दिवशी तो पाचव्यांदा घातला जातो. पण प्रत्येक टप्प्याला त्याचं स्वतःचं रूप असेल तर एक टप्पा दुसऱ्याचं काही हिरावून घेत नाही. पहिलं पाऊल टाकल्याचा आनंद झाला म्हणून पुढे शर्यत जिंकल्याचा आनंद कमी झाला, असं कुणाचं झालेलं मी पाहिलेलं नाही.

समारंभात बक्षिसं द्यावीत का? 'सर्वांत हुशार', 'सर्वांत गुणी' वगैरे?

नाही. या एका बाबतीत मी अजिबात मागे हटत नाही.

1973 मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी तीन ते पाच वर्षांच्या, चित्रं काढायची मनापासून आवड असलेल्या मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना ते प्रमाणपत्र नंतर अचानक दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळेत कोण किती रंगवतं ते पाहिलं. बक्षिसाच्या आशेनं चित्र काढलेली मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ रंगांकडे वळली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं काही बिघडलं नव्हतं. म्हणजे घोटाळा कागदात नव्हता, "हे केलंस तर ते मिळेल" या सौद्यात होता. वर्षभर "नीट वागलात तर ग्रॅज्युएशनला मेडल" असं आमिष दाखवणाऱ्या वर्गांत नेमका हाच सौदा चालतो.

बिरुदांचं आणखी वेगळं आहे. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी 1998 मध्ये पाचवीच्या मुलांबाबत दाखवलं की "किती हुशार आहेस" असं कौतुक झालेली मुलं पुढे सोपं काम निवडू लागली आणि अपयश आल्यावर लवकर ढेपाळली. "किती मेहनत केलीस" असं ऐकलेली मुलं अवघड कामाला हात घालत राहिली. सहा वर्षांच्या पोरीला हुशारीचा किताब देऊन पहिलीच्या वर्गात पाठवायचं, म्हणजे तिच्या डोक्यावर ओझं द्यायचं. आणि ज्यांना काहीच मिळालं नाही, ती वीस-पंचवीस मुलं तिथेच बसून पाहत असतात. एका वर्षी एका मुलानं मला शांतपणे विचारलं होतं, "बाई, मी कशात पहिला आहे?" त्यानंतर मी बक्षिसं बंद केली.

त्याऐवजी प्रत्येक मुलाबद्दल एक खरं, नेमकं वाक्य बोला. "हा रोज सगळ्यांच्या चपला सरळ लावायचा." "हिनं पावसाळ्यात गोगलगायीला खिडकीबाहेर सोडलं, तेव्हा आम्ही सगळे गप्प होऊन पाहत होतो." अशी वाक्यं लिहायला वेळ लागतो, कारण त्यासाठी वर्षभर मुलांकडे पाहिलेलं असावं लागतं. एखाद्या मुलाबद्दल वाक्य सुचलं नाही तर ते आपल्याला वेळेवर कळतं, आणि उरलेल्या दिवसांत त्या मुलाजवळ जाऊन बसता येतं.

प्रमुख पाहुणे बोलवावेत का?

नकोत. मुलं त्यांना ओळखत नाहीत, ते मुलांना ओळखत नाहीत. वर्गाचा दरवाजा रोज उघडणाऱ्या मावशींच्या हातून रोपं द्या, मुलांना जास्त आनंद होईल.

माझं मूल स्टेजवर जायला घाबरतं. जबरदस्ती करू का?

करू नका. माईकचा आवाज, प्रखर दिवे, शंभर अनोळखी चेहरे आणि एकदम उसळणाऱ्या टाळ्या, हे सगळं एकत्र झेलणं काही मुलांना शक्यच नसतं. स्वमग्न मुलांना किंवा आवाजाचा त्रास होणाऱ्यांना तर ते शरीराला सहन होत नाही. काही मुलं घरी भरभरून बोलतात आणि शाळेत त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही. ती हट्ट करत नसतात.

शिक्षकांशी आधी बोला. मुलाला मित्राचा हात धरून येऊ द्या, किंवा बाईंनीच त्याच्या जागेपाशी जाऊन त्याचं वाक्य सांगावं. टाळ्यांऐवजी सगळ्यांनी हात वर करून बोटं हलवायची, असं आम्ही एका वर्षी एका मुलासाठी ठरवलं. त्याच्यासाठी केलेली सोय सगळ्यांनाच इतकी आवडली की आता दरवर्षी तसंच करतो. आणि मूल आयत्या वेळी आईच्या मांडीवरून उठलंच नाही, तर न उठो. निरोप मांडीवर बसूनही घेता येतो.

आई-बाबांना येता येत नसेल तर?

हा प्रश्न पालक अपराधी चेहऱ्यानं विचारतात. खरं तर शाळेनं आधी विचार करायला हवा. भर दुपारी समारंभ ठेवायचा आणि रोजावर जाणाऱ्या आईकडून येण्याची अपेक्षा करायची, हे बरोबर नाही. काही मुलांना आई किंवा वडील नसतात, काहींचे पालक दूर असतात. "आता आई-बाबांनी आपल्या मुलाजवळ यावं" असं माईकवरून सांगितलं की एक-दोन मुलं मधोमध एकटी उभी राहतात. ते दृश्य एकदा पाहिलं की विसरता येत नाही.

सोपा मार्ग असा की समारंभातलं काहीही पालकांवर अवलंबून ठेवायचं नाही. मुलांना निरोप देणारे आम्ही आहोत, वर्ग आहे. पालक साक्षीला असले तर छानच. येता येणार नसेल तर आदल्या रात्री मुलाला तसं खरं सांगा, "बघू, प्रयत्न करते" असं म्हणू नका. मूल दाराकडे पाहत राहतं.

खर्चाचं काय?

पालकांकडून एक पैसाही घ्यावा लागू नये, असं रूप ठरवा. भाड्याचे गाऊन, छापील बॅनर, फोटोग्राफरचं पॅकेज यांतलं काहीही मुलासाठी आवश्यक नाही. आणि वर्गणी दिली नाही म्हणून मूल समारंभाबाहेर, असं कुठे होत असेल तर तो समारंभ न केलेला बरा.

फोटो आणि व्हिडिओ काढावेत का?

एकानं काढावेत, बाकीच्यांनी बघावं. सगळ्या पालकांनी मोबाईल वर धरले की मुलाला समोर आईचा चेहराच दिसत नाही. ते मंचावरून तोच शोधत असतं.

फोटो इंटरनेटवर टाकण्याआधी मात्र थांबा. एका फोटोत बारा मुलं असतील तर ती बारा घरांची बाब आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातलं सोळावं कलम मुलाचं खासगीपण जपायला सांगतं, आणि बारावं कलम म्हणतं की मुलाशी संबंधित गोष्टींत त्याचं म्हणणं ऐकलं जावं. सहा वर्षांच्या मुलाला "हा फोटो सगळ्यांना दाखवू का?" असं विचारता येतं. उत्तर नाही आलं तर तेही ऐकायचं.

शेवटापेक्षा नव्या शाळेची सुरुवात साजरी केली तर?

अगदी चांगली कल्पना आहे. जर्मनीत पहिलीच्या पहिल्या दिवशी मुलाच्या हातात कागदाचा मोठा, रंगीत शंकू असतो. त्यात पेन्सिली, खेळणी, खाऊ भरलेला असतो. एकोणिसाव्या शतकापासूनची ही पद्धत आहे. जपानमध्ये दोन्ही टोकं साजरी होतात. मार्चमध्ये बालवाडीचा निरोप, एप्रिलमध्ये नव्या शाळेत प्रवेशाचा समारंभ. व्हान जेनेप यांच्या तीन पायऱ्या आठवा, मधल्या उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी असलेली मला तिथे दिसतात. एकच काही करणं शक्य असेल तर मात्र मी निरोप निवडेन. नव्या जागी कौतुक करणारी माणसं मुलाला अजून ओळखत नसतात.

चौथी-पाचवीच्या किंवा सातवीच्या मुलांसाठीही हेच लागू आहे का?

बरंचसं. फरक एवढाच की या मुलांना काय चाललंय ते पूर्ण कळतं आणि त्यांना मतं असतात, तेव्हा कार्यक्रम त्यांच्याकडे सोपवा. दहा-बारा वर्षांची मुलं बाळबोध गाण्यांनी लाजतात. त्यांना पत्र लिहू द्या, वर्गाच्या भिंतीवर काहीतरी मागे ठेवू द्या, खालच्या वर्गातल्या एकेका मुलाला शाळेची गुपितं सांगू द्या. रशियात शाळा संपवणाऱ्यांच्या समारंभात एक सुंदर रीत आहे. शेवटच्या वर्गातला विद्यार्थी पहिलीतल्या मुलीला खांद्यावर घेऊन फिरतो आणि ती 'शेवटची घंटा' वाजवते. जाणारे आणि नुकतेच आलेले एकाच घंटेपाशी. अशी एखादी रीत आपल्या शाळेची आपण तयार करू शकतो, ती उसनी आणावी लागत नाही.

मूल त्याच शाळेत, फक्त वरच्या मजल्यावर जाणार असेल तर?

मग मोठा समारंभ नको. बाईंचा हात धरून सगळ्यांनी जिना चढावा, नवा वर्ग बघावा, नव्या बाईंना भेटावं. अर्ध्या तासात होतं.

वर्गातलं एखादं मूल पुढच्या वर्गात जाणार नसेल तर?

तो समारंभाचा सगळ्यांत नाजूक भाग आहे. कार्यक्रम 'उत्तीर्ण झाल्याचा' असेल तर या मुलाला त्यात जागाच उरत नाही. निरोपाचा असेल तर असते, कारण त्याचेही सगळे मित्र चालले आहेत. किंबहुना त्यालाच निरोपाची जास्त गरज आहे. त्याच्या पालकांशी आधी बोला, त्यालाही वाक्य द्या, रोप द्या. मित्रांना जाताना एकेक वस्तू द्यायचं काम त्याला आवडेल का, ते त्याला एकट्याला विचारा. नको म्हणाला तर तिथेच थांबा.

समारंभात मूल रडलं तर काय करायचं?

जवळ घ्यायचं. "अरे, आजचा दिवस किती आनंदाचा, रडतोस काय!" असं म्हणू नका. त्याला बरोबर कळलंय की काहीतरी संपतंय. "तुला इथली आठवण येणार आहे" एवढं म्हटलं तरी पुरतं. माझे स्वतःचे डोळे दरवर्षी भरून येतात आणि मी ते लपवत नाही.

आमच्या मुलाच्या शाळेत असं काहीच होत नाही. आम्ही काय करू?

शेवटच्या दिवशी मुलाला घेऊन दहा मिनिटं आधी जा किंवा उशिरा निघा. वर्गात एक फेरी मारा. त्याला आवडत्या जागा दाखवू द्या, "इथे मी पडलो होतो, इथे आम्ही घर-घर खेळायचो." बाईंना त्यानं काढलेलं चित्र देऊ द्या. घरी आल्यावर ते जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा, तारखेसह. पुढे ते वाचून दाखवता येतं. वर आठवणींबद्दल जे म्हटलं, त्याचा हा सगळ्यांत सोपा उपयोग.

तुमच्या वर्गात नेमकं काय करता?

सगळं मिळून पाऊण तास. तीस मुलं, प्रत्येकी चाळीस सेकंद, म्हणजे वीस मिनिटं नावं आणि वाक्यं. उरलेल्या वेळात दोन गाणी, एक गोष्ट आणि रोपं. कार्यक्रम आमच्याच वर्गात होतो, मुलं जमिनीवर गोल बसतात, मोठी माणसं भिंतीला टेकून मागे. मी मुलाच्या उंचीला येऊन, गुडघ्यावर बसून, त्याच्याकडे पाहत त्याचं वाक्य सांगते. माईक नसतो, त्यामुळे मागच्यांना ऐकायचं असेल तर शांत राहावं लागतं. राहतात.

मग पालक बाहेर थांबतात आणि शेवटची दहा मिनिटं फक्त आमची असतात. दारामागे दप्तरं अडकवायच्या खुंट्या आहेत, प्रत्येकीवर एकेका मुलाच्या नावाची चिठ्ठी. वर्षाच्या पहिल्या दिवशी ती मी चिकटवलेली असते, कारण तेव्हा बऱ्याच जणांना स्वतःचं नाव वाचता येत नसतं. शेवटच्या दिवशी प्रत्येक जण आपली चिठ्ठी स्वतः शोधतो, वाचतो आणि नखानं हळूहळू सोलून काढतो. कुणी ती खिशात ठेवतं, कुणी रोपाच्या कुंडीवर चिकटवतं. एक मुलगी दरवाजापर्यंत जाऊन परत आली आणि आपली चिठ्ठी पुन्हा खुंटीवर लावून गेली. ती मी काढली नाही. नवं वर्ष सुरू झालं तेव्हा नव्या मुलाचं नाव तिच्या शेजारी लावलं.